तू बघितलायस का?

टायर बदलायचे म्हटले की दुपार गेलीच. बॉस्टनबाहेर हायवेला लागून असलेल्या दुकानात परवा बसलो होतो. काचेपलीकडे माझी गाडी वर चढवलेली. अलीकडे चार खुर्च्या, तळाला करपलेली कॉफी आणि आवाज बंद केलेला टीव्ही. टीव्हीवर बेसबॉलचा सामना, त्यात पॉल स्कीन्स नावाचा मिशीवाला पोरगा ताशी शंभर मैलांनी चेंडू टाकत होता. शेजारचे आजोबा कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले, "पोरगा बरा आहे. पण कोफॅक्स नव्हे."

झालं. पलीकडच्या आजोबांनी पेपर खाली ठेवला.

सगळ्यांत मोठा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोण या वादात सँडी कोफॅक्सचं नाव निघालं की समोरच्याने बॉब गिब्सन काढायचा, हा इथला रिवाज. कोफॅक्सने 1966 साली 27 सामने जिंकले आणि कोपर कामातून गेलं म्हणून वयाच्या तिसाव्या वर्षी खेळच सोडला. आदल्या वर्षी वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीचा, पहिला सामना नेमका योम किप्पुरच्या, ज्यूंच्या सगळ्यांत पवित्र दिवशी आला, तर हा ज्यू गडी उतरलाच नाही; आणि सातव्या सामन्यात दोनच दिवसांच्या विश्रांतीनंतर येऊन मिनेसोटाला एकही धाव करू दिली नाही. गिब्सनचं 1968 याहून भयंकर. नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी 1.12. पुढच्या वर्षी पिचर ज्यावर उभा राहतो तो मातीचा उंचवटा 15 इंचांवरून 10 इंचांवर आणला गेला. ज्याच्यामुळे मैदानाची माती खरवडावी लागली, त्याच्यापुढे काय बोलणार? तरी पहिले आजोबा बोललेच.

या वादाची गंमत अशी की प्रत्येक नावाला उतारा तयार असतो. साय यंगचे 511 विजय? मान्य, पण तीनशेवर सामने तो हरलाही, आणि त्या काळचा चेंडू मऊ, मळका, मारला तरी लांब न जाणारा. वॉल्टर जॉन्सनने 110 सामन्यांत समोरच्या संघाला एकही धाव करू दिली नाही. पण तेव्हा होम रन मारायचं होतं कुणाला! नोलन रायनने 5,714 फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन चेंडू चुकवून बाद, केलं, पण फुकट पहिल्या बेसवर सोडलेलेही सगळ्यांत जास्त त्याचेच, आणि वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारं, साय यंगच्या नावाचं बक्षीस एकदाही नाही. ते बक्षीस सात वेळा मिळवलेला रॉजर क्लेमेन्स उत्तेजकांच्या आरोपांमुळे हॉल ऑफ फेमच्या दाराबाहेर उभा. आत्ताची पोरं? शंभर चेंडू झाले की हात जपायला बाहेर. साय यंगने सुरू केलेले 749 सामने स्वतःच संपवले. आता अख्ख्या लीगमध्ये मिळून वर्षाला असे तीसेक सामने होतात.

मला हा वाद ऐकायला फार आवडतो. त्यात पडत मात्र नाही. नव्व्याण्णव साली, वायटूकेच्या लाटेत इकडे आलो, तेव्हा पहिल्यांदा बेसबॉल पाहून मला हसू आवरेना. सगळे फुलटॉस! टप्पा नाही, खेळपट्टी नाही आणि कोपर तर इतकं वाकलेलं की आपल्याकडे स्क्वेअर लेगचा अंपायर ओरडून ओरडून घसा बसवून घेईल. चार मराठी पोरं एका घरात राहायचो, आमचा एकमुखी निकाल होता, "सगळे फेकी आहेत." मग ऑफिसातल्या कुणीतरी बॉस्टन संघाच्या मैदानाचं, फेनवे पार्कचं, एक जादा तिकीट दिलं आणि मी पेड्रो मार्टिनेझला पाहिलं.

तर परवा नेमका तोच निघाला. माझी गाडी हाताळणारा मेकॅनिक हात पुसत आत आला, दोन्ही आजोबांचं मिनिटभर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पेड्रो. विषय संपला." पेड्रोसारखाच डॉमिनिकन होता, त्यामुळे पक्षपाताचा आरोप लगेच झाला. त्याने वाद घातला नाही. डब्यातलं संत्रं काढलं. अंगठा आणि तर्जनी जुळवून संत्र्याच्या कडेला कडं केलं, उरलेली तीन बोटं वरून पसरली आणि फळ तळव्यात खोल रुतवलं. नखांत ग्रीस, त्यामुळे कुठलं बोट कुठे टेकलंय ते स्वच्छ दिसत होतं. मग हात पूर्ण जोराने फिरवला आणि ऐन वेळी मनगट आतल्या बाजूला वळवलं. हात वेगाचा, चेंडू सावकाश. फलंदाज हातावर विश्वास ठेवतो आणि चेंडू यायच्या आधीच बॅट फिरवून मोकळा होतो.

हे मी पाहिलंय. उजवीकडच्या शेवटच्या रांगांतून, डॉमिनिकन झेंड्यांच्या गर्दीतून मान काढून. सहा फूटही उंची नसलेला, लांब बोटांचा माणूस. समोर दांडगे फलंदाज एकामागून एक हवेत बॅट फिरवून, स्वतःवरच चिडून परत चाललेत. 2000 साली त्याची सरासरी 1.74 होती, आणि लीगची पाचाच्या जवळ. स्नायू फुगवलेल्या फलंदाजांचा तो काळ. आदल्या वर्षीच्या ऑल-स्टार सामन्यात, त्याच फेनवेवर, त्याने लार्किन, वॉकर, सोसा, मॅक्ग्वायर असे चौघे ओळीने परत पाठवले होते. पुढे 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या यँकीज संघाच्या मैदानावर हजारो लोकांनी घोषणा देऊन त्याची टर उडवली, तेव्हा तो म्हणाला होता की पंधरा वर्षांपूर्वी मी बसच्या भाड्यालाही पैसे नसताना आंब्याच्या झाडाखाली बसलेला होतो, आणि आज अख्खं न्यूयॉर्क माझ्याकडे लक्ष देतंय. आंब्याचं झाड म्हटल्यावर माझं मत तिथेच पक्कं झालं. याला तर्क म्हणत नाहीत, ठाऊक आहे.

आमच्या साताऱ्याच्या घरी असल्या वादांचे सरन्यायाधीश म्हणजे काका. दिवाळीत सगळे जमले की जेवणानंतर ओसरीवर भाजलेल्या शेंगांची परात मध्ये यायची आणि प्रसन्ना मोठा की बेदी, चंद्रा मोठा की वेंकट, हे सुरू व्हायचं. काका झोपाळ्यावर डोळे मिटून. पोरांचे आवाज चढले, कुणी वर्तमानपत्राची कात्रणं आणली, सरासऱ्या वाचून दाखवल्या, की मग ते एक डोळा उघडून म्हणायचे, "सुभाष गुप्ते." आणि कुणी तोंड उघडायच्या आत, "तू बघितलायस का?"

कोण बघणार? आम्ही जन्मलेलोही नव्हतो. काकांनी 1955 साली न्यूझीलंडविरुद्ध ब्रेबॉर्नवर पाहिला होता, गिरगावात आतेकडे मुक्काम टाकून. तो गुगली कसा सोडायचा ते दाखवताना त्यांचं मनगट असं काही फिरायचं की शेंगांची टरफलं उडायची. सोबर्सने गुप्त्यांना आपण पाहिलेला सर्वोत्तम लेगस्पिनर म्हटलं होतं, हे आम्हाला फार नंतर कळलं. काकांना सोबर्सची साक्ष कधी लागलीच नाही.

दुकानातला वाद आता बघितलेल्यांवरच आला होता. पहिल्या आजोबांनी कोफॅक्स पाहिलेला, दुसऱ्यांनी गिब्सन, मेकॅनिकने आणि मी पेड्रो. मेकॅनिकने संत्रं सोलायला घेतलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "आणि सॅचेल पेज? त्याचं नाव कुणीच का घेत नाही?"

"मोठाच होता," दुसरे आजोबा म्हणाले, "पण त्याचे आकडे कुठे आहेत?"

खरंच फारसे नाहीत. पेज काळा होता. वीसएक वर्षं तो काळ्यांच्या लीगमध्ये आणि गावोगावच्या सामन्यांत चेंडू टाकत फिरला. ऐन भरातल्या त्या वर्षांतले कितीतरी सामने कुणी नीट लिहूनच ठेवले नाहीत. प्रदर्शनी सामन्यात त्याच्यासमोर उभा राहिलेला दिग्गज फलंदाज जो डिमॅजिओ म्हणायचा की याच्याइतका चांगला पिचर आपल्याला भेटला नाही. मोठ्या लीगचं दार त्याच्यासाठी उघडलं तेव्हा, 1948 साली, पेज 42 वर्षांचा होता. तरी त्या मोसमात क्लीव्हलंडसाठी सहा जिंकून एकच हरला. ज्यांनी त्याला आत घेतलं नाही, त्यांच्याच वहीत त्याची नोंद शोधायची आणि सापडली नाही की मान हलवायची, हा न्याय मला कळत नाही. काळ्यांच्या लीगचे सापडले तेवढे आकडे अधिकृत वहीत चढले ते 2024 मध्ये.

मोठ्या लीगमधला त्याचा शेवटचा सामना 1965 चा. वय 59. कॅन्सस सिटीच्या मालकाने तिकिटं खपावीत म्हणून त्याला बोलावलं, मैदानाच्या कडेला डुलती खुर्ची टाकून बसवलं, शेजारी एक नर्सही उभी केली. लोक हसायला आले होते. पेजने तीन डाव टाकले आणि एकच हिट दिली, यास्ट्रझेम्स्कीला. समोरचा संघ बॉस्टनचाच. काळ्या खेळाडूला संघात घेणारा सगळ्यांत शेवटचा, तोही 1959 मध्ये, मोठ्या लीगमधली रंगभेदाची भिंत पाडणाऱ्या जॅकी रॉबिन्सननंतर बारा वर्षांनी. दुकानात हे कुणी काढलं नाही. मीही नाही.

घरी येताना डोक्यात बाळू पालवणकर होते. चांभार घरात जन्मलेला डावखुरा फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदानाची निगा राखता राखता नेटमध्ये त्यांना गोलंदाजी करायचा. त्याच्याशिवाय सामना जिंकता येत नाही हे कळल्यावर हिंदूंनी त्याला संघात घेतलं. चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याने शंभराहून जास्त बळी घेतले. कप्तानपद कधी मिळालं नाही.

काकांची यादी मला अजून पाठ आहे. गुप्ते पहिले. मग विनू मंकड, ज्यांना त्यांनी पाहिलं होतं. मग अमरसिंग आणि निस्सार, ज्यांना त्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनी पाहिलं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. ते वडील, म्हणजे माझे आजोबा, 1910 च्या सुमाराला पुण्यात शिकायला होते, आणि अभ्यास सोडून क्रिकेट बघत हिंडायचे म्हणून घरून बोलणी खायचे. त्यांनी बाळूंना पाहिलं नसेल, हे मला पटत नाही. पण आमच्या ओसरीवर ते नाव कधी निघालं नाही.