घरच्या घरी बुलेटच्या वॉल स्प्रिंगा बदलल्या, त्याचा अनुभव

माझी बुलेट 1994 ची, स्टँडर्ड 350, जुन्या कास्ट आयर्न इंजिनाची. गेल्या पावसाळ्यानंतर ती पुण्याजवळच्या कात्रजच्या चढाला दम सोडायला लागली. सावकाश चालवली तर सुरेख. पण तिसऱ्या गिअरमध्ये जरा ताणली की आवाज फुटायचा आणि ओढच संपायची. पॉइंट, प्लग, कार्बोरेटर पाहून झालं. किकला कॉम्प्रेशन छान लागत होतं, म्हणजे वॉल (हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) सीटवर नीट बसत होते. राहिल्या स्प्रिंगा.

फोर स्ट्रोक इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेतं तेव्हा प्रत्येक वॉल 2000 वेळा उघडतो. उघडायचं काम कॅमचं, म्हणजे फिरणाऱ्या उंचवट्याचं, मिटवायचं एकट्या स्प्रिंगचं. ती ढिली पडली की वरच्या आरपीएमला वॉल मागे राहतो, वेळेत मिटत नाही. हळू चालवताना मात्र काही कळत नाही, म्हणून हा दोष फार उशिरा सापडतो.

पुण्याच्या नाना पेठेतून सगळ्या स्प्रिंगा आणल्या. प्रत्येक वॉलला आतली एक, बाहेरची एक, अशा चार. एखादीच बदलून भागत नाही. बाकीच्यांनीही तेवढीच उष्णता खाल्लेली असते. सोबत हेड गॅस्केट, नवे लॉक (स्प्रिंगवरचा वॉशर वॉलच्या दांडीला धरून ठेवणारे तुकडे) आणि स्प्रिंग दाबायचा क्लॅम्प. काही जण वरच्या वॉशरवर सॉकेट धरून हातोड्याने ठोकतात आणि लॉक उडवतात. मला ते अजिबात पटत नाही. क्लॅम्प एकदाच घ्यावा लागतो, वॉलची दांडी दुखावली तर सगळंच वाढतं.

टाकी, सायलेन्सरचा पाइप, कार्बोरेटर, हेडची पट्टी, डीकॉम्प्रेसरची केबल, रॉकरला (वॉल दाबणाऱ्या वरच्या दांड्याला) तेल नेणारी नळी, सगळं उतरवलं. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणला, त्यामुळे दोन्ही वॉल मिटलेले आणि रॉकरवर ताण नाही. पुशरॉड (कॅमची ढकल वर रॉकरपर्यंत नेणाऱ्या दांड्या) काढताना इनलेटचा कुठला, एग्झॉस्टचा कुठला याची खूण केली. हेड उचलल्याबरोबर बॅरलमधल्या पुशरॉडच्या भोकांत स्वच्छ फडकं कोंबलं. तिथून एखादा वॉशर खाली गेला तर टायमिंगची बाजू उघडावी लागते.

लॉक म्हणजे करंगळीच्या नखाएवढे दोन अर्धे तुकडे. क्लॅम्प आवळत गेलो तसा वॉशर खाली सरकला आणि जळक्या तेलात चिकटलेल्या लॉकची कड दिसली. बारीक चुंबकाने एकेक अलगद उचलला. मग जुन्या-नव्या स्प्रिंगा काचेवर शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि वरून स्टीलची पट्टी आडवी ठेवली. एग्झॉस्टच्या बाहेरच्या जुन्या स्प्रिंगवर पट्टी टेकलीच नाही, मधून उजेड दिसत होता. इनलेटच्या जुन्या स्प्रिंगांत फरक होता, पण थोडा. एग्झॉस्टची बाजू कायम भाजत असते, तिचीच आधी हार होणार. इतके दिवसांचं कोडं त्या फटीत सुटलं, आणि मला मनापासून आनंद झाला.

हेड हातात होतंच, तर वॉल ग्राइंडिंग पेस्टने हलके घासून घेतले. पेस्टचा कणही राहता कामा नये, म्हणून पेट्रोलने पुन्हा पुन्हा धुतलं. पोर्टमध्ये रॉकेल ओतून ठेवलं. वॉलमधून एक थेंब झिरपला नाही. दांडीला तेल, लॉकला ग्रीस. ग्रीसमुळे लॉक खाचेत चिकटून राहतात आणि दोन्ही हात क्लॅम्पला मोकळे मिळतात. बसवल्यावर लाकडी हातोडीने दांडीच्या टोकावर हलकं टकटक केलं, बसायचे ते लॉक पक्के बसले.

हेडचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत गेलो. टॅपेट (कॅम आणि पुशरॉडमधले तुकडे, यांनीच पुशरॉडचा खेळ ठरतो) गार इंजिनवरच लावायचे: पुशरॉड बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वरखाली खेळ नको. यात घाई केली तर वॉल उघडा राहून जळू शकतो, म्हणून दोन्ही पुशरॉड परत परत फिरवून पाहिले.

अॅमीटरचा काटा मध्यावर आणून किक मारली आणि ठोके सुरू झाले. कात्रजचा चढ तिसऱ्यात, आवाज न फुटता पार केला. थोडी चालवून गार झाल्यावर नट पुन्हा पाहिले, टॅपेट किंचित सरकले होते, ते लावले. एग्झॉस्टच्या गाइडमध्ये (वॉलची दांडी ज्यातून सरकते त्या नळीत) जरासा खेळ जाणवला होता. तो सध्या चालण्यासारखा आहे, पण पुढच्या पावसाळ्याआधी हेड लेथवाल्याकडे नेऊन नवी गाइड बसवून घेणार आहे.