नॉब फिरवल्यावर

रोलंड कंपनीच्या ‘आरई-२०१ स्पेस एको’ या टेपवर प्रतिध्वनी निर्माण करणाऱ्या यंत्राचा ‘रिपीट रेट’ नॉब आज मी फिरवला आणि बोटे थांबल्यावरही प्रतिध्वनीचा स्वर क्षणभर घसरतच राहिला.

१९७४ साली आलेल्या या यंत्रात तो नॉब टेप ओढणाऱ्या मोटरचा वेग बदलतो. मोटरला नवा वेग गाठायला थोडा अवधी लागतो आणि तेवढ्यात स्वर चढतो किंवा उतरतो. प्रतिध्वनी किती वेळा परतावा हे ठरवणारी ‘इंटेन्सिटी’ फार वाढवली की प्रतिध्वनी विरण्याऐवजी फुगत जातो, आणि ती सीमा आकड्यांवरून नव्हे, तर कानाने व बोटांनीच चाचपावी लागते.

“हळू, उधळेल तो,” असे स्टुडिओतला मित्र म्हणाला, जणू खोंडाबद्दलच बोलत होता.

संगणकावरील नकलेत हे नॉब हुबेहूब रंगवलेले असतात, पण ते फिरवण्यासाठी बहुधा माउस वर-खाली ओढावा लागतो. मग चित्र तरी नॉबचेच कशासाठी काढायचे?