तुम्ही विचारलंत म्हणून: ओबामाच्या वेळी कुठे होतो?

मेव्हण्यापासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळे मला एकच विचारतात, "आता ट्रम्पतात्यांच्या नावानं बोटं मोडतोस, राष्ट्राध्यक्षाच्या हातात किती ही सत्ता म्हणून गळा काढतोस, ओबामाच्या वेळी कुठे होतास?"

पेढे वाटत होतो. मे २०१५ मध्ये ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेल्यांच्या एच-फोरवाल्या, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या, बायकांना नोकरीची परवानगी मिळाली, माझ्या बायकोलाही. काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, कायदा केलाच नव्हता, ओबामाच्या सरकारी खात्यानं नियम बदलला. हे कायदेमंडळाचं काम आहे असं तेव्हा कोणी म्हणालं असतं तर मी भांडलो असतो की काँग्रेस झोपलीये, पठ्ठ्यानं करून दाखवलं ना! आता मी ऐकवतो की तो नियम आधी मसुदा, मग हरकती-सूचना असा रीतसर आला. खरंय ते. पण तेव्हा मला हे माहीतही नव्हतं, आणि असतं तरी काय फरक पडला असता.

मग २० सप्टेंबर २०२५, शनिवार. मी ठाण्याला आईकडे, दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. बाबा मे २०२१ मध्ये गेले तेव्हा येता आलं नव्हतं आणि नंतर कधी पितृपक्षात रजा जमली नाही, त्यामुळे श्राद्ध पहिल्यांदाच माझ्या हातून होणार होतं. सकाळी कंपनीच्या वकिलांचा मेल, बाहेर असाल तर मुदतीच्या आत अमेरिकेत पोचा. एच-वन-बीच्या, म्हणजे माझ्यासारख्यांच्या नोकरीच्या व्हिसाच्या, अर्जामागे एक लाख डॉलर, शुक्रवारी तात्यांची सही, शनिवारी मध्यरात्रीनंतर लागू, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊ. आई अळूची पानं पुसत होती. मी सांगितलं तर हातातलं पान तसंच धरून म्हणाली, "मग गुरुजींना काय सांगू?"

लंडनमार्गे तिकीट मिळालं, कितीला ते लिहीत नाही, मेव्हणा वाचतो. न्यूअर्कला उतरून फोन चालू केला तर व्हाइट हाउसचा खुलासा आलेला, फी फक्त नव्या अर्जांना, आधीच व्हिसा असलेल्यांनी घाबरायचं कारण नाही. श्राद्ध चुलतभावानं केलं. माझ्याकडे रात्रीचे अडीच वाजले होते, आईनं फोन वाटीला टेकवून ठेवलेला, मला अर्धं पान आणि खीर दिसत होती.

आता जे मी मेव्हण्याला कधी सांगितलं नाही ते. २०२१ ला येता आलं नाही कारण ४ मे पासून भारतातून येणाऱ्यांवर बंदी होती, नागरिक आणि ग्रीन कार्डवाले सुटले, आम्ही नाही. भारतात आलो असतो तर परत जाता आलं नसतं, नोकरी गेली असती. ती सही बायडनची. आणि दोन्ही सह्या एकाच कलमाच्या जोरावर, १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातलं २१२(एफ): राष्ट्राध्यक्षाला देशहिताला बाधक वाटलं तर तो परदेशी लोकांचा प्रवेश थांबवू शकतो. काँग्रेसनंच ताटात वाढून दिलेलं, २०१८ ला सुप्रीम कोर्टानंही ५ विरुद्ध ४ नं तात्यांची प्रवासबंदी उचलून धरली. बाबा गेले तेव्हा मला यात सत्ता वगैरे दिसली नाही, फक्त कोविड दिसला. का? बायडन आपला वाटायचा म्हणून? असेल.

सध्या बायकोच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलंय. परवा मीच तिला म्हणालो, थांब जरा, पुढचा कोणी आला की एका सहीत सोडवेल.