ओढून न बघितलेली गाठ

जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, वर ताडपत्री बांधलेली, आणि माणसं घरी. अलिबागजवळच्या एका कोळीवाड्यातल्या मंडळानं त्या दिवसांत माझा जादूचा प्रयोग ठेवला. मी मानधन निम्मं केलं आणि बदल्यात एक गोष्ट मागून घेतली. शेवटची बारा मिनिटं मी नवा, कुठेही न केलेला खेळ करणार आणि संपल्यावर लोकांनी अर्धा तास माझ्याशी बोलायला थांबायचं.

बावीस वर्षं मी हेच काम करतो. वाढदिवस, शाळांची स्नेहसंमेलनं, सोसायट्यांचे गणपती. नेहमीचे खेळ हातात मुरलेले आहेत, पण नवा खेळ रंगमंचावर आणायला मला सहा महिने तरी लागतात. हा दोरीचा होता. असमान लांबीच्या तीन दोऱ्या लोकांदेखत सारख्या होतात, हा बॉब कार्व्हर यांचा खेळ जगभरचे जादूगार ‘प्रोफेसर्स नाइटमेअर’ या नावानं करतात. मी त्याला पुढचा भाग जोडला होता. एक लांब दोरी मधोमध कापायची, तुकडे गाठ मारून जोडायचे आणि मग गाठच नाहीशी करायची. आमची दोरी सुती असते. आतला गाभा आम्ही काढून टाकतो, त्यामुळे ती मऊ पडते आणि हाताचं ऐकते.

आरशासमोर सराव करताना एक खोड लागते. नेमक्या चलाखीच्या क्षणी आपले डोळे मिटतात, म्हणजे आपली चूक आपल्याला कधी दिसतच नाही. म्हणून मी मोबाइलवर चित्रण करून बघत होतो. मला तरी सगळं स्वच्छ दिसत होतं.

मंदिरालगतचं सभागृह, वर पत्रा, पत्र्यावर पाऊस. साठ-सत्तर माणसं असतील. पुढच्या रांगेत बायका बसल्या होत्या आणि त्यातल्या चौघी-पाचजणी मांडीवर जाळं घेऊन ते शिवत होत्या. प्रयोग बघतानाही त्यांचे हात चालूच. पेले आणि गोळ्यांच्या खेळाला पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. पत्त्यांच्या वेळी मागच्या पुरुषमंडळींनी पैजा लावल्या. मग मी दोरी काढली.

आणि सभागृह शांत झालं. रंगलेल्या प्रयोगातली शांतता मला ओळखू येते. ही तशी नव्हती. तीन दोऱ्या सारख्या झाल्या तेव्हा टाळ्या पडल्या, पण तुटक. दोरी कापली, गाठ मारली, गाठ उडाली, दोरी अखंड. पुन्हा तुटक टाळ्या. एरवी माझं बोलणं सुरू झालं की लोक माझ्या तोंडाकडे बघतात आणि माझं निम्मं काम तिथंच होतं. इथे एकाचीही नजर माझ्या हातांवरून हलली नव्हती. पुढच्या रांगेतल्या सुया तर एकदाही थांबल्या नाहीत.

चहा आला तेव्हा मी खाली सतरंजीवर बसलो. नव्या खेळानंतर ‘आवडला का’ असं मी कधीच विचारत नाही, कारण लोक भल्या मनानं हो म्हणतात. मी विचारतो, घरी जाऊन न आलेल्या माणसाला काय सांगाल? त्यांच्या तोंडून खेळ पुन्हा ऐकला की कुठला भाग त्यांच्या मनात राहिला आणि कुठला गळाला हे कळतं. एका मुलानं सांगितलं की गोळी मी त्याच्या मुठीत आधीपासून ठेवली होती. मी तसं केलं नव्हतं. त्याच्या आठवणीत खेळ होता त्याहून मोठा झाला होता, आणि याहून चांगली पावती नाही. दोरीबद्दल मात्र सगळे अडखळले. “कापली, जोडली,” एवढंच.

मग सत्तरीच्या आसपासच्या एक मावशी जाळं बाजूला सारून म्हणाल्या, “गाठ तू मारलीसच नाहीस.”

मी विचारलं, कशावरून?

“ओढून बघितली नाहीस ना.”

त्यांनी माझ्या हातातून दोरी घेतली आणि गाठ मारली. अंगठा तोंडाला लावून ओला केला, गाठीवरून फिरवला, दोन्ही टोकं मुठीत धरून एक जोराचा हिसका दिला. मग हिसक्यानंतर गाठीकडे बघितलं. सगळं मिळून दोन सेकंद. “दोरात हात घालणारा कुणीही एवढं करतोच. न ओढलेल्या गाठीवर होडी बांधतं का कुणी?” शेजारच्या बायका माना डोलावत होत्या. त्या सगळ्यांना तो क्षण दिसला होता.

डाय व्हर्नन हे विसाव्या शतकातलं हातचलाखीतलं फार मोठं नाव. हात नैसर्गिक चालले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह मी वर्षानुवर्षं शिकणाऱ्या मुलांना सांगत आलो. पण नैसर्गिक म्हणजे कुणाच्या हातासारखं, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं. मी गाठ नाजूक हातानं मारत होतो, कारण ती ओढणं मला परवडणारं नव्हतं. का, ते इथे लिहिणार नाही. शहरातल्या प्रेक्षकाला ते खटकलं नसतं, कारण त्याचा दोरीशी संबंध फक्त कपडे वाळत घालण्यापुरता. पण न खटकणं म्हणजे विश्वास बसणं नव्हे, आणि मला तो विश्वास हवा आहे.

उठताना मावशींनी दोरीची टोकं दिव्याखाली धरली. “आणि हे बघ. मधोमध कापलीस तर ही दोन्ही टोकं जुनीच पाहिजेत. यातलं एक ताजं, पिंजलेलं आहे.” मी त्यांच्या पाया पडलो.

पुढचे तीन आठवडे मी फक्त हिसक्यावर काम केलं. अखेर खेळाची सगळी बांधणी उलटी केली. आता गाठ प्रेक्षकच मारतो, प्रेक्षकच ओढतो आणि मी नंतर येतो. होड्या पाण्यात जायच्या आत, मानधन न घेता, मी त्याच सभागृहात पुन्हा गेलो. गाठ मावशींच्या हातात दिली. त्यांनी अंगठा ओला केला, हिसका दिला, समाधानानं मान हलवली. मी दोरीवरून मूठ फिरवली. गाठ नव्हती.

पुढच्या रांगेतल्या सुया थांबल्या होत्या. मावशींनी दोरी हातात घेऊन सगळी चाचपली, एकदा या बाजूनं, एकदा त्या. मग टोकं दिव्याकडे नेली.

“हे अजून राहिलंय,” त्या म्हणाल्या.

टोकांवर काम चालू आहे.