चेस्टनटचा बहर आणि लेकीची अ‍ॅलर्जी

व्हिएन्ना, 8 मे

प्राटर बागेतल्या हाउप्टअले या लांबलचक रस्त्याच्या दुतर्फा हॉर्स चेस्टनटची झाडे फुलली आहेत, आणि ती फुलल्यापासून माझ्या मुलीचे डोळे लाल होऊन चुरचुरत आहेत, नाक वाहत आहे आणि शाळेतून त्या वाटेने परतताना तिला शिंकांवर शिंका येत आहेत. डॉक्टरांनी त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीत बर्च या झाडाप्रमाणेच चेस्टनटच्या परागकणांमुळेही गांध उठली. मात्र गांध उठली याचा अर्थ शरीराने त्या परागकणांविरुद्ध आयजीई प्रतिपिंडे (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रथिने) तयार केली आहेत एवढाच होतो. त्रास त्यांचाच आहे हे ठरवण्यासाठी लक्षणांचा आणि बहराच्या काळाचा मेळ बसावा लागतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणून मी रोज लिहून ठेवते आहे.

मेळ बसवणे सोपे नाही, कारण एप्रिलमधला बर्चचा हंगाम ओसरत असतानाच चेस्टनट फुलतो आणि तो संपतो न संपतो तोच गवताचे परागकण हवेत येतात. फरक आहे तो परागकणांच्या प्रवासात. बर्च आपले हलके परागकण वाऱ्यावर सोडतो आणि ते कोसच्या कोस जातात. चेस्टनटचे काम मुख्यतः मधमाश्या करतात. फुलातला पिवळा ठिपका मध असेपर्यंत त्यांना बोलावतो आणि नंतर लाल होतो. चेस्टनटचे विटकरी रंगाचे परागकण चिकट असल्यामुळे बहुतेक झाडाच्या आसपासच पडतात. त्यामुळे या झाडाची अ‍ॅलर्जी एकंदरीत कमीच आढळते; पण मुले खेळतात तिथेच झाडे असली, तर गोष्ट बदलते. व्हिएन्नाच्याच संशोधकांनी 1992 मध्ये शहरी मुलांमध्ये या परागकणांविषयीची संवेदनशीलता वारंवार दिसते असे नोंदवले होते, हे वाचून मला आश्चर्य वाटले नाही. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1576 मध्ये हे झाड इथे वाढवले, तेव्हापासून या शहराने त्यावर मनापासून प्रेम केले आहे, आणि तो बहर मलाही फार आवडतो.

पुण्याहून आईने काळजीने विचारले की हिवाळ्यात नातीला भाजलेले चेस्टनट देणे बंद करावे का. तो खाण्याचा चेस्टनट निराळ्याच कुळातला असून नात्याने बर्चच्या अधिक जवळ आहे; त्यामुळे बर्चची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलीला तो खाल्ल्यावर तोंडात खाज सुटते का, हे मात्र मी डॉक्टरांना विचारणार आहे.

तोवर आम्ही शाळेची वाट बदलली आहे. घरी आल्यावर ती डोळे आणि चेहरा धुते, बाहेरचे कपडे बदलते आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली अँटीहिस्टामिनची गोळी नियमाने घेते. आज दुसऱ्या वाटेने येऊनही ती शिंकली, पण डोळे कालच्यापेक्षा निवळलेले होते. गवत फुलू लागल्यावर काय होते, ते पुढच्या भेटीपूर्वी लिहायचे आहे.