पोट सुटलेली अक्षरं

सोसायटीच्या सूचनाफलकाचं काम गेल्या वर्षी माझ्या गळ्यात पडलं. पहिलीच नोटीस होती, 'उद्या दुपारी बारापासून टाकी धुणार. पाणी येणार नाही.' येता-जाता नजरेत भरावी म्हणून मी ती 'मोदक' फॉन्टमध्ये टाइप केली. संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकू विचारतात, "उद्या कसला कार्यक्रम रे? जेवण आहे का?" चष्मा घरी राहिला होता. त्यांनी नुसता अक्षरांचा थाट पाहिला होता.

चूक त्यांची नव्हती. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेतल्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी केलेला हा फॉन्ट, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. इतकी गुबगुबीत देवनागरी मी तरी दुसरी पाहिलेली नाही. अक्षराच्या पोटातली पांढरी जागा एरवी कशी ऐसपैस असते. इथे काळ्याने फुगून फुगून तिची नुसती चीर करून टाकलीय, मोदकाच्या दोन कळ्यांमध्ये राहते तशी. आणि अक्षर ओळखायचं ते त्या चिरेवरूनच! ती बुजली की उरला उकडीचा गोळा.

रोमन लिपीतल्या 'ओ'ला पोट सुटलं तर तो आणखी गोड दिसतो, बस. आपल्याकडे डोक्यावर शिरोरेघ, तिच्यावर मात्रा नि रफार, पायाशी उकार, आणि मधे जोडाक्षरांची दाटी. 'राष्ट्र'मधला 'ष्ट्र' जाड करणं म्हणजे संध्याकाळच्या कर्जत लोकलमध्ये चौथी सीट मागणं. सरकतात सगळे, पण किती सरकणार? म्हणून ही अक्षरं मोठ्या आकारातच वापरावीत. मी कागद वाचवायला दुसरी ओळ बारीक केली आणि 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ प्रिंटरने गिळली. टाकी 'वारापासून' धुतली जाणार होती.

याच मंडळींचा 'बालू' त्यामानाने समंजस. तोही जाड, गोलसर, अस्वलासारखा. पण श्वास घ्यायला जागा ठेवून. त्याच्या भावंडांची नावं मला फार आवडतात. गुजराती 'बालू भाई', बंगाली 'बालू दा', गुरुमुखी 'बालू पाजी', मल्याळम 'बालू चेट्टन', तमिळ 'बालू तंबी'. प्रत्येक लिपीच्या घरात कुणी ना कुणी भाऊच. आपला मात्र नुसता 'बालू', शाळेच्या दाखल्यावरच्या नावासारखा. बरोबरच आहे म्हणा, नागरीत हिंदी, नेपाळी, कोकणीही नांदतात. एकट्या मराठीने भाऊपणा कसा मिरवायचा? तरी 'बाळूभाऊ' काय शोभला असता!

बारशाची पत्रिका, बालवाडीची पाटी, चिवड्याचं पाकीट, इथे ही अक्षरं घरच्यासारखी वावरतात. थकबाकीदारांची यादी त्यांत लावली तर सत्कारमूर्तींची वाटेल. श्रद्धांजलीचा फलक मी एकदा असल्या गोलमटोल अक्षरांत पाहिलाय. फोटोतले आजोबा गंभीर, आणि खाली 'भावपूर्ण' हा शब्द खुदुखुदु हसतोय.

तेव्हापासून पाण्याच्या नोटिसा मी साध्या, सडपातळ अक्षरांत लावतो. कोजागिरीला मात्र मोदक पुन्हा काढला. 'गच्चीवर मसाला दूध, रात्री नऊ.' या वेळी शब्द न् शब्द मोठा, पांढरी चीर न् चीर शाबूत.

काकूंनी लांबूनच पाहिलं आणि बादल्या भरून ठेवल्या.