टेबलावर विसरलेली बाटली

मे महिन्यातलं जळगाव म्हणजे ४४-४५ डिग्री, त्यात मी बावळटासारखा मायसेलची (म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या पॉलिमरच्या अतिबारीक गोळ्यांची) बाटली फ्रिजमध्ये न ठेवता लॅबच्या टेबलावरच विसरलो अन् सुट्टीला भुसावळला घरी निघून गेलो. दहा दिवसांनी बघतो तर काय, पारदर्शक, जरा निळसर झाक असलेलं पाणी पार दुधट, तळाला पांढरा गाळ, पीएच पेपर लावला तर ॲसिड!

माझे गोळे पीईजी-पीएलएचे, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल अन् पॉलिलॅक्टिक ॲसिड जोडून केलेल्या साखळीचे, अन् त्याचं असंच असतं भाऊ. पीएलएचा भाग पाण्यापासून पळतो म्हणून आत गोळा होऊन बसतो, पीईजी बाहेर केसांसारखं उभं, सगळं मिळून १०० नॅनोमीटरच्या आतबाहेर. लोकांना वाटतं हे साखरेसारखं विरघळतं. नाही हो, पाणी पीएलएमधले एस्टर बॉण्ड, म्हणजे साखळीचे दुवेच, तोडतं, बऱ्याचदा तर साखळीचं मोकळं टोकच मागे वळून स्वतःला चावतं अन् शेवटी उरतं लॅक्टिक ॲसिड, म्हणजे आपल्या दह्यातलंच. काही ठिकाणी पीईजीच सुटून जातं, मग उघडे पडलेले गोळे एकमेकांना चिकटतात, तोच तो गाळ. पीईजी स्वतः मात्र पाण्यात तुटत नाही (बायोडिग्रेडेबल म्हणताना हे कोणी सांगतच नाही), शरीरात ते किडनीवाटे बाहेर जातं.

आणि उष्णतेने हे सगळं जोरात होतं. आता फ्रीझ ड्राय करून (गोठवून पाणी उडवून) पावडरच ठेवतो, सरांना अजून सांगितलेलं नाहीये.